एंटर दाबू नका

दुपारी चारच्या सुमारास तो जिना माणसांनी भरून जाई. खाली वह्या-पेनांचं दुकान, वर एक लांबट हॉल, हॉलमध्ये साठ खुर्च्या. प्रत्येक खुर्चीत एक माणूस, त्याच्या मांडीवर एक टॅब किंवा फोन, आणि त्या काचेपलीकडे कुणीतरी गेलेलं. कुणाचा नवरा, कुणाची मुलगी, कुणाची चाळीस वर्षांच्या संसाराची बायको.

समोर दूतकाका. पांढरा शुभ्र शर्ट, गालाला चिकटलेला माइक, आणि चेहऱ्यावर लोणी लावल्यासारखं हसू.

"मंडळी, शरीर म्हणजे काय?"

"हार्डवेअर!" साठ गळे.

"बिघडलं, संपलं. पण आत्मा? आत्मा म्हणजे डेटा! आणि डेटा कधी मरतो का?"

"नाही!"

"परलोकात रेंज फुल्ल आहे, मंडळी. नेटवर्क जातं ते तुमच्या मनातलं. एक शंका आली की रेंजची एक कांडी गेली. घरातल्या शहाण्यांचं ऐकलंत की दोन कांड्या गेल्या! चला, आता आपल्या माणसाचं नाव वरच्या पट्टीत लिहा. हळू. एकेक अक्षर. आणि काय करायचं नाही?"

"एंटर दाबायचं नाही!"

"का?"

"आत्मा निघून जातो!"

तिसऱ्या रांगेत सासूबाईंनी चष्मा सावरला आणि एका बोटाने लिहिलं, गुंड्या. पट्टीखाली आपोआप एक ओळ उमटली: 'गुंड्या: आई, मी इथे मजेत आहे. तू वेळेवर जेवत जा.'

सासूबाईंनी टॅब छातीशी धरला. शेजारचे पोस्टमास्तर स्वतःच्या ओळीकडे बघून रडत होते, पलीकडची शिंपीणबाई आपल्या ओळीवरून हात फिरवत होती. दारात उभी राहून हे सगळं बघणाऱ्या सूनबाईच्या कडेवर छकुली होती. दहा महिन्यांची. सूनबाईला वाटलं, हे असं ओळ उमटणं आपण कुठेतरी पाहिलंय. पण तेवढ्यात छकुलीने भोकाड पसरलं आणि तिला जिना उतरावा लागला.

गुंड्या म्हणजे तिचा धाकटा दीर. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून घसरला आणि उठलाच नाही. चोवीस वर्षांचा. त्यानंतर सासूबाई नुसत्या खिडकीशी बसून असत. वाचनाची भारी आवड, पण डोळ्यांत काचबिंदू, बारीक अक्षर दिसेना. मग सूनबाईनेच त्यांच्या हाती टॅब दिला. ब्राउझरमधलं अक्षर मोठं कसं करायचं ते दाखवलं, जाहिराती गाळून नुसता मजकूर कसा ठेवायचा ते दाखवलं, आणि डोळे दमले की ब्राउझरलाच वाचून दाखवायला कसं सांगायचं तेही. "अगं बाई, हा तर माझ्यापेक्षा खणखणीत वाचतो!" म्हणत सासूबाई कितीतरी दिवसांनी हसल्या होत्या. दार आपणच उघडून दिलं, ही बोच सूनबाईला नंतर फार दिवस छळणार होती.

ती स्वतः घरी बसून भाषांतरं करायची. मिक्सर, वॉशिंग मशीन, पाण्याचे पंप, सगळ्यांची माहितीपत्रकं. 'आधी झाकण बंद करा, मग बटण दाबा.' वेळ मिळायचा तो छकुली झोपली की, आणि छकुलीची झोप म्हणजे सशाची. त्यामुळे एकेक क्षण वाचवायचा. रोज लागणाऱ्या पानांना तिने ब्राउझरमध्ये खुणा करून ठेवल्या होत्या, त्या खुणांना स्वतःची नावं दिली होती. शब्दकोशाच्या पानाला नाव होतं 'अडलंय'. पट्टीत 'अड' लिहिलं की खाली ओळ हजर. आजचं काम टॅबच्या एका गटात, उद्याचं दुसऱ्या. छकुलीला पाजताना हात अडकलेले असत, तेव्हा केलेलं भाषांतर ती ब्राउझरकडून वाचून घ्यायची आणि कानाने चुका पकडायची. फुकटात मिळालेला एक कारकूनच तो.

एके सकाळी सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि डावीकडे रांगत असलेल्या छकुलीच्या हातावर त्यांचा पाय पडला.

पोर किंचाळलं. सासूबाई जागच्या जागी थिजल्या. "अगं, मला दिसलीच नाही! इथे होती? इथे?" त्या हाताने डावीकडची हवा चाचपत होत्या.

छकुलीची बोटं सुजली, मोडली नाहीत. सूनबाई मात्र त्या चाचपणाऱ्या हाताकडे बघत राहिली. दुसऱ्याच दिवशी ती सासूबाईंना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. मग विचारलं, "आजी, थेंब घालताय ना रोज?"

"हो तर."

"खरं सांगा. हा दाब थेंब घालणाऱ्या डोळ्याचा नाही."

 डॉक्टरीणबाई सूनबाईकडे वळल्या. "डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली आहे. ती परत येणार नाही. काचबिंदूत गेलेलं मिळत नाही, उरलेलं राखायचं असतं. उजवा अजून हातात आहे. पण थेंब बंद राहिले तर वर्षभरात त्याचंही सांगता येत नाही."

रिक्षात सासूबाई पदराशी चाळा करत बसल्या. घरी आल्यावर सूनबाईने फडताळ उघडलं. औषधाच्या चार बाटल्या, चारही सीलबंद.

"चार महिने, आई?"

"त्यानेच सांगितलं."

"कोणी?"

"गुंड्याने. थेंबांनी आग होते गं डोळ्यांची. मी त्याला विचारलं, घालू का नको? तो म्हणाला, आई, डोळ्यांना त्रास देऊ नकोस. आतल्या डोळ्याने मला बघ."

 संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो छापखान्यातून दमून आला होता. भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "थेंबांचं बघू आपण. पण तिचं ते बोलणं बंद करू नकोस. तेवढंच समाधान आहे तिला."

"त्या समाधानापायी एक डोळा गेला."

तो उठून आत गेला. गुंड्याचा विषय निघाला की तो नेहमीच असा मिटून जायचा.

दोन दिवसांनी सासूबाईंनीच हाक मारली. "सूनबाई, अक्षर बारीक झालंय बघ याचं. मोठं करून दे, मी जरा पडते."

छकुली झोपली होती. सूनबाई टॅब घेऊन बसली. अक्षर मोठं केलं, आणि सहज तिची नजर वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे ब्राउझरच्या खात्याचं नाव सासूबाईंचं नव्हतं. 'दिव्यदूत' असं होतं. तिला आठवलं, पहिल्या दिवशी दूतकाकांनी सगळ्यांचे टॅब 'शुद्धीकरणासाठी' ठेवून घेतले होते. म्हणजे शुद्धीकरण हे! प्रत्येकाचं खातं काढून आपलं घालायचं.

आणि मग तिच्या डोक्यात ते एंटर आलं. दूतकाकांचा नियम होता, प्रश्न विचारताना एंटर दाबा, उत्तर घेताना दाबू नका. माहितीपत्रकं लिहून लिहून तिला एक गोष्ट पक्की कळली होती: 'आधी झाकण, मग बटण' असा नियम असतो तेव्हा त्यामागे यंत्राची काहीतरी अडचण असते. आत्म्याला एंटरचं काय पडलंय?

तिने खुणांची यादी उघडली.

यादी संपतच नव्हती. अक्षरांच्या क्रमाने साठ घरांतली गेलेली माणसं एकाखाली एक लावून ठेवली होती. अण्णा: रडू नका. उषा: मी काल तुमच्या उशाशी होते. गुंड्या: आई, मी इथे मजेत आहे. गुंड्या: डोळ्यांना त्रास देऊ नकोस. 'काल तुमच्या उशाशी' हे वाक्य अकरा जणांच्या नावावर होतं, एका अक्षराचाही फरक न करता. ती स्वतः जसं शब्दकोशाला 'अडलंय' म्हणत होती, तसंच कुणीतरी बसून खुणांना ही नावं दिली होती.

मग तिने हिस्टरी उघडली, आणि उघडल्याचा तिला पश्चात्ताप झाला.

सगळी साठ घरं एकाच खात्यात होती. त्यामुळे साठ घरांत कुणी काय विचारलं ते सगळं तिथे उतरलं होतं. लोकांनी एंटर दाबून पाठवलेलं. 'तुला थंडी वाजते का तिथे.' 'शेवटी तू काय म्हणत होतीस मला ऐकू आलं नाही.' 'मी पुन्हा लग्न केलं तर तुला चालेल का.' 'बाळाला कोणी पाजतं का.' ती शेवटची ओळ वाचून सूनबाईने आत जाऊन झोपलेल्या छकुलीच्या पोटावर हात ठेवला. श्वास हाताला लागला तेव्हा परत आली.

दूतकाका रोज सकाळी हे वाचत असणार आणि दुपारपर्यंत उत्तरं लिहून ठेवत असणार. विचारणाऱ्याला जे ऐकायचं असेल तेच. सासूबाईंना थेंब नको होते, म्हणून गुंड्यालाही नको झाले.

तेवढ्यात तिला एक ओळ दिसली. शनिवारची, पहाटेची. 'गुंड्या, मी तुला त्या दिवशी गाडी दिली नसती तर?'

गाडी तिच्या नवऱ्याची होती.

त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. दूतकाकांना तो कोणाचा ते कळलं नसावं. सूनबाईने ती एकच ओळ हिस्टरीतून काढून टाकली. नवऱ्याला ती त्याबद्दल काही बोलली नाही; फक्त त्या रात्री जेवताना त्याच्या शेजारी, नेहमीपेक्षा जरा जवळ, बसली.

सासूबाईंना मात्र तिने सांगितलं. तीनदा सांगितलं. पहिल्यांदा त्या हसल्या. दुसऱ्यांदा चिडल्या, "तुझी कांडी गेलीय, माझी नको घालवू." तिसऱ्यांदा तिने यादी समोर धरली तेव्हा त्यांनी उजवा डोळा मिटून घेतला. डावा उघडा ठेवला. तो नाहीतरी काही बघत नव्हता.

"काकांना विचारते," म्हणाल्या. "ते सांगतील तसं."

तेव्हा सूनबाईने ठरवलं. त्या दुपारी टॅब घेऊन तिने एक खूण तयार केली आणि तिला नाव द्यायला घेतलं. 'छकुली' एवढं लिहून तिचं बोट थबकलं. मेलेल्यांच्या यादीत आपल्या जितीजागत्या लेकीचं नाव? काही झालं तर? तिलाच हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. वाघाच्या पाठीवर बसायला निघालेल्या बाईला मांजर आडवं गेल्याची भीती! डोळे पुसून तिने पुढचं वाक्य पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. हार्डवेअर झालं, डेटा झाला, कांड्या झाल्या. टेबलावरच्या टोपलीत दक्षिणेची पाकिटं पडली. सूनबाई छकुलीला कडेवर घेऊन पुढे गेली.

"काका, मला सगळ्यांकडून एक नाव लिहून घ्यायचंय. चालेल?"

"अवश्य! कोण गेलंय, बाळ?"

"कळेल आता. मंडळी, वरच्या पट्टीत लिहा, छकुली. एंटर दाबू नका."

साठ बोटं हलली.  मग पोस्टमास्तरांनी, टपाल वाचून दाखवण्याच्या जुन्या सवयीने, मोठ्यांदा वाचलं: "छकुली: मी मेलेली नाही. मी दहा महिन्यांची आहे. आत्ता आईच्या कडेवर बसून तिचे केस ओढते आहे."

छकुली खरोखरच केस ओढत होती. मागून कुणीतरी फसकन हसलं, आणि हसणं अर्ध्यातच विरलं.

"हे काल दुपारी मी लिहिलं," सूनबाई म्हणाली. "सासूबाईंच्या टॅबवर. तुम्हा सगळ्यांकडे पोचलं, कारण तुम्ही सगळे यांच्या एकाच खात्यात आहात. पुस्तकात आपण खूण ठेवतो ना, तशी ब्राउझरमध्ये पानाला खूण करता येते. त्या खुणेला हवं ते नाव देता येतं. नावाचं पहिलं अक्षर लिहिलं की ब्राउझर ते नाव आपल्यापुढे ठेवतो. माझं तर रोजचं काम यावरच चालतं. तुम्हाला दिसतात ती उत्तरं नाहीत. खुणांची नावं आहेत. तुमचे प्रश्न हे रोज वाचतात आणि नावं बदलतात."

"शंकासूर!" दूतकाका कडाडले. "मंडळी, बघा, सगळ्यांच्या कांड्या चालल्या! जिथे विज्ञानाचं वायफाय संपतं तिथे—"

"वायफायचं बरं आठवलंत. आमच्याकडे मंगळवारी इंटरनेट बंद होतं. त्या दिवशी मी सासूबाईंना एक नवा प्रश्न विचारायला लावला. त्याचं उत्तर काही आलं नाही. बुधवारी सकाळी जोडणी आली, दुपारी उत्तर आलं. परलोकातून यायला आमच्या वायफायचा पासवर्ड कशाला लागतो, काका?"

"मनाची तयारी—"

"बरं, तेही राहू द्या. मंडळी, आता आपापल्या माणसाचं नाव लिहा. आणि त्या ओळीवर जाऊन एंटर दाबा."

कुणी दाबेना. भीती खोटी असली तरी दीड वर्ष जपलेली होती. शेवटी पोस्टमास्तरांनी बोट उचललं. ते बोट इतकं कापत होतं की शेजारच्या सासूबाईंनी, काय वाटलं कोण जाणे, त्यांचं मनगट धरलं.

पान उघडलं. 'आजचं हवामान: अंशतः ढगाळ. पावसाची शक्यता नाही.'

मग एकेक करत सगळ्यांनी दाबलं. साठ काचांवर अंशतः ढगाळ. दूतकाकांनी सगळ्या खुणा एकाच पानावर केल्या होत्या. वेगवेगळी पानं शोधायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती.

"दीड वर्ष," पोस्टमास्तर म्हणाले. "दीड वर्ष मी हवामानाला 'अगं' म्हणत होतो." आणि ते हसले, आणि ते हसणं ऐकवत नव्हतं.

दूतकाकांनी टोपली उचलली, माइक काढला, "पापाची फळं भोगाल" असं काहीतरी पुटपुटले आणि मागच्या दाराने निघाले. कुणी अडवलं नाही. कुणाचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. लोक खुर्च्यांत तसेच बसून होते. सूनबाईला वाटलं होतं, लोक चिडतील, आरडाओरडा करतील. तसं काहीच झालं नाही. जणू साठ अंत्ययात्रा एकाच वेळी निघाल्या होत्या.

शिंपीणबाई जवळ आली. सुईने टोचून टोचून खरखरीत झालेला तिचा हात सूनबाईच्या दंडावर आला. "पोरी, त्या यादीतली माझी एक ओळ राहू दे गं. खोटी आहे, कळलं मला. तरी पुसू नकोस."

सूनबाईने पुसली नाही. ती ओळ एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तिच्या हाती दिली, आणि तिच्या फोनवरून ते खातं काढून टाकलं.

सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. जेवण वाढलं की जेवायच्या, छकुली जवळ आली की मांडीवर घ्यायच्या, पण सूनबाईकडे मान वळवायच्या नाहीत. नवऱ्याने औषधाची बाटली पुढे केली तर त्या तोंड फिरवायच्या. सूनबाई दिवस मोजत होती. डॉक्टरीणबाईंचे 'उजवा अजून हातात आहे' हे शब्द तिला झोपू देत नव्हते.

नवव्या दिवशी त्या स्वतःच बोलल्या. "तुला एवढी खात्री होती, तर मला एकटीला सांगायचंस. साठ माणसांत का उघडं केलंस?"

"एकटीला सांगितलं होतं, आई. तीनदा."

सासूबाईंना ते पटलं की नाही, कळलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "म्हणजे तो माझ्याशी एकदासुद्धा बोलला नाही?"

या प्रश्नाला दूतकाकांनी झटकन गोड उत्तर दिलं असतं. सूनबाईच्याही जिभेवर ते आलं होतं. एका 'बोलला असेल'ने त्या म्हातारीचा दिवस साजरा झाला असता.

"नाही, आई. एकदासुद्धा नाही."

सासूबाई बराच वेळ रडल्या. या वेळी टॅब छातीशी नव्हता. छकुली होती, आणि ती त्यांचा चष्मा ओढायला बघत होती. मग त्यांनी मान मागे टाकली, उजवा डोळा उघडला आणि म्हणाल्या, "घाल."

एक थेंब पडला. "जळतं गं," त्या म्हणाल्या.

"हो, आई. जळतं."

डावा डोळा परत आला नाही. उजवा अजून आहे. सासूबाई आता मान डावीकडे पुरती वळवून मगच पाऊल टाकतात. दूतकाका दुसऱ्या एका गावात हॉल शोधत आहेत, असं कानावर येतं. तिथेही साठ खुर्च्या भरतील, कारण गेलेल्या माणसाशी बोलावंसं वाटणं हा काही मूर्खपणा नाही. ते दुःख आहे, आणि ते आपल्या सगळ्यांच्या वाट्याला येणार आहे. पण कुणी तुमच्या त्या दुःखावर नियम घालू लागला, हे दाबा, ते दाबू नका, शंका घेऊ नका, तर तेवढंच एक दाबून बघा. हे होतं कसं, असं मोठ्यांदा विचारा. खरी गोष्ट असेल तर ती प्रश्नाने मोडत नाही. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध, कितीही आग होवो, कितीही लाडक्या माणसाच्या नावाने कुणी सांगो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.